दरीत पडलं कोण?

दर्यापूर तालुक्यातल्या एका आईचं चार पानांचं पत्र आलं आहे. गावाचं आणि मुलीचं नाव मी काढून टाकलं आहे. मुलीला इथं छकुली म्हणते. पत्रातला मुख्य भाग असा:

“मावशी, आमची छकुली येत्या दिवाळीत सहा वर्षांची होईल. यंदा पहिलीत आहे. पंधरा दिवसांमागं शाळेत बाईंनी विचारलं, कोण कोण कुठं फिरायला गेलं होतं? ही उभी राहिली आणि म्हणाली, ‘आमी चिखलदऱ्याले गेलो होतो. तिथं सगळीकडं धूर होता. मोठेबाबानं एका मानसाले दरीत फेकलं. मंग कुंडात हात धुतले. मंग एकच चप्पल राह्यली.’ बाईंनी मला बोलावून घेतलं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला क्रुझर करून गेलो होतो, अकरा जणं. तेव्हा ही पावणेचार वर्षांची होती. असं काहीच झालं नाही. आग नाही, धूर नाही. भीमकुंडावर भुट्टे खाल्ले, फोटो काढले, अंधार पडायच्या आत निघालो. हिची एक सँडल हरवली म्हणून गाडीत रडत आली, तेवढंच.

घरी सगळ्यांनी विचारून पाहिलं. आत्याबाईंनी विचारलं, ‘रगत दिसलं काय वं?’ तर दुसऱ्या दिवसापासून ही सांगते, पानी लाल झालं होतं. आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून ज्यांचं वावर आहे त्यांच्याशी आमचा वाद चालू आहे. कोणीतरी विचारलं, ‘तो धुऱ्यावरचा काका होता काय?’ ही म्हणाली, हो. आता नळावर तेच बोलणं. तो माणूस ठणठणीत आहे, परवा राशनच्या रांगेत माझ्यापुढं उभा होता! माझे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, तिचे मोठेबाबा, रोज रात्री तिला बाजेवर घेऊन गोष्ट सांगायचे. आता जवळ घ्यायलाही कचरतात. ती मला विचारते, ‘मोठेबाबा गोष्ट काऊन सांगत नाईत?’ सासूबाई म्हणतात पोरीले लागीर झालं, मागच्या जन्माचं काही दिसते, एका बाबाकडं नेऊ. मिस्टर म्हणतात खोटं बोलते, दोन ठेवून दे. मी काय करू?”

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कोणी काय विचारलं आणि त्यानंतर छकुली काय म्हणाली, हे तुम्ही क्रमानं लिहिलं, त्यासाठी तुमचे आभार मानते. बहुतेक आया फक्त शेवटचं वाक्य लिहितात. तुमच्या पत्रात निम्मं उत्तर त्या क्रमातच आहे.

छकुली खोटं बोलत नाही. तिला कसलं लागीरही झालेलं नाही. आणि तिच्या मोठेबाबांनी माणूस दरीत फेकलेला तिनं पाहिला, असंही मला वाटत नाही. पंधरा ऑगस्टची भीमकुंडावरची गर्दी, तुम्ही अकरा जणं. तिथं माणूस पडला असता तर दोन वर्षं गुपचूप राहिला नसता. मग ती बोलते आहे ते काय?

त्यासाठी वर्गात बोललेली तिची तेवढीच वाक्यं घ्या. नंतरचं सगळं क्षणभर बाजूला ठेवा. वर्गातलं बोलणं तिचं स्वतःचं आहे, त्याआधी तिला कोणी काही सुचवलेलं नव्हतं. त्यात चार गोष्टी आहेत: धूर, दरीत फेकलेला माणूस, धुतलेले हात, एक चप्पल.

आधी धूर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. ऑगस्टमध्ये तिथं ढग रस्त्यावर उतरतो, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तुम्ही त्याला धुकं म्हणता आणि विसरून जाता. छकुली पूर्णेच्या खोऱ्यातली, खारपाणपट्ट्यातल्या सपाट गावातली पोर. पावणेचार वर्षांच्या आयुष्यात तिनं पांढरं, तरंगणारं, डोळ्यांपुढचं झाकून टाकणारं काय पाहिलं असेल? चुलीचा धूर आणि उन्हाळ्यात धुऱ्यावर जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर. शब्द तिच्याजवळ तोच होता. न्यूझीलंडमधल्या दोन संशोधक बाईंनी 2002 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांना त्यांनी एक जादूचं यंत्र दाखवलं. मोठं खेळणं आत टाकलं की लहान होऊन बाहेर येई. सहा महिन्यांनी, वर्षानं तीच मुलं परत बोलावली. तोवर मुलांकडं कितीतरी नवे शब्द आले होते. पण यंत्राबद्दल सांगताना त्यांनी वापरले ते शब्द तेव्हाचेच, यंत्र पाहिलं त्या दिवशी जेवढे येत होते तेवढेच. तुमच्या छकुलीला आज धुकं हा शब्द येत असेलही. आठवणीत मात्र धूरच आहे. म्हणजे तिनं जे पाहिलं ते खरंच पाहिलं, आणि त्या दिवशीच्या भाषेत जपून ठेवलं.

आता माणूस आणि हात. ताई, “मंग कुंडात हात धुतले” हे वाक्य वाचलं आणि मी थांबले. भीमकुंडावर अमरावती जिल्ह्यातला कोणता मोठा माणूस लहान पोराला ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहतो? पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी होते. कीचकानं द्रौपदीला छळलं, भीमानं त्याला मारलं आणि या दरीत फेकून दिलं. मग या कुंडात हात धुतले, कोणी म्हणतं अंघोळ केली. कीचकाची दरी ती कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा. आपल्याकडं हे पाठच असतं.

माझा अंदाज असा की ही गोष्ट त्या दिवशी छकुलीच्या मोठेबाबांनी सांगितली. रोज बाजेवर गोष्ट सांगणारा माणूस ऐन जागेवर गप्प कसा बसेल? कठड्याशी उभे असतील, पोर कडेवर असेल, एक हात दरीकडं करून म्हणाले असतील, “असा उचलला अन् हा असा खाली फेकला! मंग या कुंडात हात धुतले.” समोर खरी दरी, खरं कुंड, खाली पाण्याचा आवाज. पावणेचार वर्षांच्या पोरीनं भीम कुठून आणायचा? फेकण्याचा आविर्भाव करणारा हात तिनं पाहिला, आणि तो हात मोठेबाबांचा होता.

आता चप्पल. तुम्ही जे एका ओळीत “तेवढंच” म्हणून उरकलं, ते छकुलीसाठी त्या दिवसातलं सगळ्यात मोठं दुःख होतं. सँडल नेमकी कुठं हरवली ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझी शंका आहे की ती कडेवरून, कठड्यापलीकडं, दरीतच पडली. दरीत त्या दिवशी खरंच काहीतरी गेलं. पडताना तिनं पाहिलं, परत मिळालं नाही, आणि ती रडत घरी आली. दोन वर्षांनी तेच दोन तुकडे, गोष्ट आणि सँडल, एकमेकांना चिकटले.

हे मोठ्यांच्या बाबतीतही होतं. आपण समजतो आठवण म्हणजे पेटीत ठेवलेलं लुगडं, काढलं की जसंच्या तसं. खरं तर ती कणगीतल्या ज्वारीसारखी आहे. दाणा खरा असतो, पण कोणत्या वावरातला ते कणगीत पडल्यावर सांगता येत नाही. पाहिलेलं, ऐकलेलं, फोटोत दिसलेलं, स्वप्नातलं, सगळं एकत्र होतं. “हे मी पाहिलं की मला कोणी सांगितलं?” हा भेद करण्याची ताकद मुलांमध्ये साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान हळूहळू येते. छकुली नेमकी त्या उंबरठ्यावर आहे.

माझंच सांगते. बहिरमच्या यात्रेत मी लहानपणी हरवले होते, हे मी तिशीपर्यंत शपथेवर सांगत असे. एका कासारणीनं मला दुकानाशी बसवलं, हातात हिरव्या काचेचा एक फुटका तुकडा दिला, आणि शेजारच्या पालातून हंडीतल्या मटणाचा वास येत होता. वाससुद्धा आठवायचा मला! एका लग्नात हे सांगत होते तर माझी मोठी बहीण पाहतच राहिली. हरवली होती ती. मी तेव्हा चार महिन्यांची होते, आईच्या मांडीवर. आमच्या घरी ती गोष्ट दर डिसेंबरला यात्रा भरली की निघायची, आणि ऐकता ऐकता मी तिच्या जागी जाऊन बसले. तो हिरवा तुकडा मला आजही दिसतो. माझा नाही हे माहीत असून दिसतो.

मुलांच्या मनाचा अभ्यास करण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं त्या झाँ पियाजे यांचंही असंच झालं. लहान असताना पॅरिसच्या रस्त्यावर आपल्याला पळवून न्यायचा प्रयत्न झाला, दाईनं झुंज देऊन वाचवलं, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, हे त्यांना स्वच्छ आठवत असे. ते पंधरा वर्षांचे झाले तेव्हा त्या दाईनं घरी पत्र लिहून कबूल केलं की सगळं तिनं रचलेलं होतं, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ परत केलं. इतका जाणता माणूस, आणि तो प्रसंग त्यांना डोळ्यांपुढं दिसत होता.

आता त्या पाण्याच्या लाल रंगाकडं येते, कारण मला खरी काळजी तिथं वाटते.

वर्गात छकुलीनं लाल पाणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी “रगत दिसलं काय” विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी लाल झालं. वर्गात तिनं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. “धुऱ्यावरचा काका होता काय” विचारलं आणि तो काका झाला. तोच काका राशनच्या रांगेत तुमच्यापुढं उभा आहे! ताई, याहून मोठा पुरावा कोणता हवा? ही माहिती छकुलीकडून आलेली नाही. ती तुम्ही मोठ्यांनी तिच्या हातात दिली आणि तिनं इमानानं परत केली. मोठं माणूस विचारतं म्हणजे त्याला उत्तर माहीत असणार, असं लहान मूल धरून चालतं. चूक तिची नाही. आत्याबाईंचीही नाही, घाबरलेलं माणूस असंच विचारतं.

अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. सॅम स्टोन नावाचा अनोळखी माणूस बालवाडीत आला, दोनेक मिनिटं थांबला, हॅलो म्हणाला आणि गेला. कशालाही हात लावला नाही. काही मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की सॅम फार वेंधळा आहे, सगळं मोडतो. मग दहा आठवड्यांत चार वेळा त्यांना सुचवणारे प्रश्न विचारले: सॅमनं पुस्तक फाडलं तेव्हा रागानं फाडलं की गमतीनं? शेवटी साधं विचारलं, काय झालं होतं? तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी सांगितलं की सॅमनं नासधूस केली. ज्यांना कोणी काही सुचवलं नव्हतं, त्या मुलांपैकी बहुतेकांनी खरं तेच सांगितलं. लहान मुलाची साक्ष मुळात खराब नसते. आपण ती खराब करतो, आणि तुमच्या घरात गेले पंधरा दिवस तेच चाललं आहे.

म्हणून आजपासून विचारणं बंद. आत्याबाई, सासूबाई, मिस्टर, शेजारणी, सगळ्यांचं. पाहुण्यांसमोर “सांग बरं चिखलदऱ्याचं” तर अजिबात नको. ती आपणहून बोलली तर फक्त तुम्ही ऐका. शेंगा फोडताना, वेणी घालताना. “हो का? मग?” एवढंच म्हणा. “कोणी”, “कशानं”, “रक्त” हे शब्द तुमच्या तोंडून निघू नयेत. आश्चर्यानं डोळेही मोठे करू नका, मुलं चेहरा वाचतात.

मिस्टरांना माझा निरोप द्या. दादा, तिला मारू नका. आज मार बसला तर ती एकच शिकेल, घरी काही सांगायचं नाही. उद्या कधी तिच्याशी खरंच कोणी वाईट वागलं तर ते तुम्हाला सांगायला तिचं तोंड उघडलं पाहिजे. ते दार आज तुमच्या हातानं लावून घेऊ नका.

आणि हे मी हलक्यानं म्हणत नाही. लहान मुलानं घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं की “ते असं करूच शकत नाहीत” म्हणून उडवून लावायचं नसतं. मीही पत्र त्या नजरेनं वाचलं. ती मोठेबाबांना भिते का? ती विचारते गोष्ट काऊन सांगत नाईत, म्हणजे ती त्यांची वाट पाहते आहे. भिणारं मूल असं विचारत नाही. तरी लक्ष असू द्या. रात्री दचकून उठणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, एखाद्या माणसाजवळ जायला साफ नकार देणं, अंगावर दुखतं म्हणून सांगणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा, किंवा 1098 या मोफत नंबरवर फोन करा. तो मुलांसाठीच आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या जिवाला घोर लागला आहे. त्यांना मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची तर काढू द्या, आजीच्या हातानं पोरीला बरंच वाटेल. पण बाबाकडं नेणं नाही म्हणजे नाही. तिथं त्या लेकराला परत तेच प्रश्न विचारतील, धूर देतील, कदाचित हात उगारतील. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे मिस्टरांना सांगून ठेवा. आणि मागच्या जन्माचं म्हणाल तर मोठेबाबा याच जन्माचे, चिखलदरा याच जन्मातला, क्रुझरही याच जन्मातली.

शाळेतल्या बाईंना एवढं सांगा की पोरीनं भीम-कीचकाची गोष्ट आणि सहल एकत्र केली असावी, वर्गात तो विषय परत काढू नका. नळावर कोणी विचारलं तर हेच एक वाक्य. धुऱ्याचा वाद मोजणीत सुटेल. त्यात पोरीला साक्षीदार करू नका.

मोठेबाबांना आज रात्रीच बाजेवर बसवा. भाऊ, तुम्ही तिला दरीच्या काठावर घट्ट धरून गोष्ट सांगितली असेल तर ती तुमची मायाच होती, आणि दोन वर्षं ती पोरीच्या मनात राहिली. लाज वाटून घेण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही. फक्त काही दिवस भीमाची गोष्ट नको. ससा-कासव, चिमणी-कावळा काहीही चालेल.

ताई, माझा सँडलचा तर्क चुकीचाही असू शकतो. म्हणून तो छकुलीला ऐकवू नका, नाहीतर आपणही आत्याबाईंसारखंच करू. आधी जे तिथं होते त्यांना विचारा, आणि तेही वेगवेगळं: कुंडावर गोष्ट कोणी सांगितली? सँडल कुठं गेली? मग फोनमधले त्या दिवशीचे सगळे फोटो काढा. प्रत्येक फोटोला वेळ असते, त्या वेळेप्रमाणं लावा. परतवाड्याला चहाला थांबला असाल तर तिथपासून बघत या, चेहरे सोडा, तिचे पाय बघा.

हे सगळं शांत झालं की, महिन्याभरानं, तेच फोटो तिला मांडीवर घेऊन दाखवा आणि तिलाच सांगू द्या. तेव्हा मोठेबाबा शेजारी असू द्या. तिनं विचारलं, “मानूस कोन होता?” तर त्यांनी खरं काय ते सांगावं, कीचकाच्या नावासकट. आता ती तेवढी मोठी आहे.

भीमकुंडाच्या फोटोत तिच्या पायांत किती सँडल आहेत, ते मला जरूर कळवा.

तुमची,
मावशी